चौथ्या डिव्हिजनची वर्गणी

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी, डेंग्यूच्या डासांविषयीच्या पत्रकाला खेटून, नवऱ्याने चिकटवलेला कागद मी पाहिला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. कागदावर इंग्लंडमधल्या एका छोट्या फुटबॉल मैदानाचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत ‘हा क्लब वाचवायला मदत करा’, आणि सगळ्यात खाली आमच्या फ्लॅटचा नंबर. मी पिशव्या खाली ठेवल्या, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि कागद ओढायला हात वर केला. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आतून वरच्या मजल्यावरचे दोघंजण बाहेर आले. मी कागद मन लावून वाचत असल्याचं सोंग केलं आणि निमूटपणे लिफ्टमध्ये शिरले.

मी मुळात भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. ट्रॅफिक पोलिसाने दुसऱ्याच कुणाला थांबवलं तरी मी पर्समधले कागद चाचपते. त्यात ते दिवस असे होते की धीट माणसानेही जरा दबकून राहावं. आम्ही सिंगापूरला, टॅम्पिनीस भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नवरा आयटीत, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या मिळालेल्या सरकारी परवान्यावर. माझा आणि मुलीचा पास त्याच्या पासला लोंबकळलेला. त्याच्या पासची मुदत संपत आली होती, कंपनीने नव्याने अर्ज केला होता आणि उत्तर यायचं होतं. होकार आला तर इथेच, नकार आला तर मुलीची शाळा, भाड्याचा करार, सगळं अर्ध्यावर सोडून महिन्याभरात चंबूगबाळं आवरायचं. अशा वेळी माणसाने शिंकतानासुद्धा तोंडावर रुमाल धरावा. या गृहस्थाने लिफ्टपाशी घराच्या नंबरासकट जाहिरात लावली होती.

मी घरात शिरता शिरताच त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला की कागद छान दिसतोय ना, रंगीत प्रिंट ऑफिसमधून नाही, लायब्ररीतून पैसे देऊन काढलीय. म्हणजे त्याच्या मते प्रामाणिकपणाचा प्रश्न मिटला होता.

हा क्लब आमच्या आयुष्यात कसा आला ते सांगायला हवं. सिंगापूरच्या आधी आम्ही काही वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात होतो. कधीकाळी कापडगिरण्यांचं गाव, आता गिरण्या नाहीत, नुसत्या चिमण्या. आमच्या शेजारी एक म्हातारी बाई राहायची. आम्ही गेलो त्याच हिवाळ्यात तिचा नवरा वारला. पंधरा दिवसांनी तिने आमचं दार वाजवलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, तुला फुटबॉल आवडतो का? त्याला क्रिकेटशिवाय कशातलंही ओ की ठो कळत नव्हतं. पण समोर नुकतीच विधवा झालेली बाई, नाही कसं म्हणायचं, म्हणून तो हो म्हणाला. तिच्याकडे नवऱ्याचं अख्ख्या हंगामाचं तिकीट होतं आणि शेजारची रिकामी खुर्ची तिला बघवत नव्हती.

अशा रीतीने भिडेखातर माझा नवरा चौथ्या डिव्हिजनमधल्या क्लबचा चाहता झाला. पुढच्या शनिवारी गेला, त्याच्या पुढच्या शनिवारीही गेला, आणि मग त्याला कुणी विचारायची गरज उरली नाही. मीही गेले, तान्ह्या मुलीला छातीशी बांधून. पहिल्या दिवशी दारातच घोड्यावरचे पोलीस दिसले आणि मी परत फिरायला निघाले होते. आत हजारभर माणसं गोलकीपरला त्याच्या आईवरून काहीबाही बोलत होती. म्हातारीने माझा हात धरला, तिकडच्या रीतीने मला ‘लव्ह’ म्हणाली आणि समजावलं की ही सगळी त्याच्यावर प्रेम करणारीच माणसं आहेत. ते मला पटायला दोन वर्षं लागली.

इथल्या कॉफीशॉपच्या टीव्हीवर दिसतात ते इंग्लिश क्लब वेगळे, ते सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधले. त्यांचा एक खेळाडू एका आठवड्यात मिळवतो तेवढ्यात आमचा क्लब वर्ष काढेल. आमच्या क्लबचा गोलकीपर मी जायचे त्याच सुपरमार्केटमध्ये, मी जायचे त्याच वेळी, मुदत संपत आलेलं सवलतीचं चिकन घ्यायला यायचा. तिकिटं, चहा, गरम पाय, मध्यंतरातली सोडत, एवढ्यावर क्लब चालायचा. पाय म्हणजे आपल्या करंजीचा धष्टपुष्ट भाऊ, आत बटाटा आणि मटण. थंडीने मैदान गोठून सामना पुढे ढकलला की पाय विकले जायचे नाहीत, आणि त्या महिन्याचे पगार होतील की नाही अशी कुजबुज सुरू व्हायची. शिवाय तळाचे दोन क्लब दरवर्षी लीगमधून खाली फेकले जायचे. दर वसंतात म्हातारीचं जेवण कमी व्हायचं. मी स्वतः भित्री असल्यामुळे तिचं घाबरणं मला लगेच ओळखू आलं. तिथे मला तिच्याइतकं जवळचं कुणी वाटलं नाही, त्याचं खरं कारण तेच असावं.

आणखी एक गोष्ट होती. तिने नवऱ्याची मूठभर राख त्या मैदानात, उत्तरेकडच्या गोलच्या जाळीमागे सोडली होती. माळ्याने स्वतः जागा दाखवली होती. म्हणे बरीच मंडळी तसं करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे राख वाहत्या पाण्यात जाते, माणूस मोकळा होतो. इथे तो कायमचा गोलपाशी उभा. पण ती दर शनिवारी पोचल्यावर आधी त्या बाजूला नजर टाकायची, मग बसायची, आणि हळूहळू मीही तसंच करायला लागले.

मग नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला. तिथला व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे काही आठवड्यांत घर रिकामं करून निघावं लागलं. पाळणा कुणाला द्यायचा, कुकर न्यायचा की ठेवायचा, या गोंधळात मी रडायचंही विसरले. ती भीती अंगात मुरली ती मुरलीच. म्हातारीने क्लबचा मफलर दिला. सिंगापूरच्या उकाड्यात तो आमच्या हॉलच्या भिंतीवर टांगलाय. दर रविवारी आमच्या संध्याकाळी आणि तिच्या सकाळी व्हिडिओ कॉल, हा नेम आजही चालू आहे.

त्या कॉलमधूनच संकट कळत गेलं. क्लब नव्या मालकाने घेतला होता, हसतमुख माणूस. फार स्वस्तात मिळाला म्हणे, कारण सोबत कर्ज होतं. त्याने मैदान गुपचूप आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर करून घेतलं. पगार आधी उशिरा, मग अर्धे, मग नाहीतच. पगार थकवले म्हणून लीगने गुण कापले, आणि खेळाडूंनी घाम गाळून मिळवलेले विजय कागदावर पुसले गेले. करखात्याने कोर्टात धाव घेतली. मालक फोन घेईनासा झाला. गावात बोलवा की तिथे फ्लॅट बांधायचे आहेत, गोलमागच्या जागेत पार्किंग येणार. हे सांगताना म्हातारी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

शेवटी क्लब विकत घ्यायला चाहत्यांनीच सहकारी सोसायटी काढली. ज्याला हवा त्याने हिस्सा घ्यावा, थोडा घ्या नाहीतर खंडीभर, मत प्रत्येकाला एकच. नुसता क्लब ताब्यात घेऊन भागणार नव्हतं. लीगने मुदत घातली होती: उरलेल्या हंगामाच्या खर्चाचे पैसे मंगळवारी दुपारपर्यंत दाखवा, नाहीतर यादीतून नाव काढून टाकू. शंभर वर्षांपेक्षा जुना क्लब एका ईमेलने संपणार होता. हे ऐकून मला जे वाटलं ते फुटबॉलविषयी नव्हतं. आमच्याही घरात त्या दिवसांत एका ईमेलचीच वाट बघणं चालू होतं.

नवऱ्याने आमचा हिस्सा पहिल्याच दिवशी ऑनलाइन घेतला. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट घडली नसती. पण तो पुण्यात गणपती मंडळाचा कार्यकर्ता होता. पैसे कमी पडले की काय करायचं याचं त्याच्याकडे एकच उत्तर: दारोदार फिरायचं. मंडळाचं एक कोरं पावतीपुस्तक त्याने आठवण म्हणून जपून आणलं होतं. गुलाबी पानं, कोपऱ्यात बाप्पा. त्याने छापलेलं मंडळाचं नाव पेनाने खोडलं, वर क्लबचं नाव लिहिलं, मुलीच्या हातात बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा दिला आणि शनिवारी दुपारी, मी ग्रंथालयात असताना, बापलेक आमचा ब्लॉक मजल्यामजल्याने उतरत गेले.

आणि लोकांनी दिले. हे मला आजही नवल वाटतं. या बेटावर इंग्लिश फुटबॉलचं वेड घराघरात आहे, फक्त चौथ्या डिव्हिजनपर्यंत कुणी उतरत नाही. एका चिनी आजोबांनी क्लबचं नावही कधी ऐकलं नव्हतं, तरी दिले. समोरच्या मलाय काकूंनी आधी विचारलं की हे पूजेसाठी आहे का. फुटबॉलसाठी म्हटल्यावर त्यांनी आनंदाने दिले, आणि त्यांना पावती देताना नवऱ्याने बाप्पावर क्लबचा स्टिकर चिकटवला. हे सगळं मुलीने मला रंगवून सांगितलं. ती इथे चौथीत आहे आणि तिला त्या दिवसाइतकी मजा कधीच आली नव्हती.

मला मात्र कागद पाहिल्यापासून घास गोड लागत नव्हता, आणि रविवारी दुपारी उरलासुरला धीरही गेला. बुकित तिमाहला नवऱ्याच्या कंपनीतले एक वरिष्ठ राहतात. मराठीच, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांच्या काँडोमध्ये जेवायला आठ-दहा घरं जमली होती. नवऱ्याने तिथेही वर्गणीचा विषय काढला, अगदी फुशारकीने. सरांनी ताटातला हात थांबवला.

“परवाना घेतला होता का? इथे घरोघर पैसे गोळा करायला परवाना लागतो.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, “तुझं रिन्यूअल चालू आहे ना रे?”

एवढं बोलून त्यांनी श्रीखंड वाढायला सांगितलं. नवऱ्याने हसण्यावारी नेलं. मी मात्र त्या ताटावर तशीच बसून राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ते गुलाबी पावतीपुस्तक आलं. परदेशातल्या कुठल्याशा मंडळाचं खोडलेलं नाव, वर हाताने लिहिलेलं भलतंच नाव, देवाच्या तोंडावर स्टिकर. यापेक्षा संशयास्पद कागद एखाद्या भामट्यालाही सुचला नसता. आम्हाला तो निव्वळ शिस्तीचा पुरावा वाटत होता: पैसे घेतले की पावती द्यायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

घरी परतलो तर लिफ्टपाशी कागद नव्हता. चार कोपऱ्यांचे टेपचे तुकडे तेवढे उरले होते. खाली बाकावर बसणाऱ्या एका बाईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने सांगितलं की सातव्या मजल्यावरच्या अंकलने फोनवर त्याचा फोटो काढला आणि मग कागद सोलून घेऊन गेला. फोटो कशाला काढला असेल, याची जेवढी उत्तरं असू शकतात तेवढी सगळी मी त्या रात्रीत काढली. त्यातल्या प्रत्येकाच्या शेवटी आम्ही विमानतळावर उभे होतो.

सोमवारी मुलगी शाळेतून आल्यावर बेल वाजली. तिनेच दार उघडलं. जाळीच्या दारापलीकडे दोन पोलीस, एक तरुण मुलगा आणि एक मुलगी, गणवेशात. टेबलावर निळा डबा. माझ्या हातातलं लाटणं मी का कोण जाणे पाठीमागे लपवलं. ते फसवणुकीपासून सावध राहण्याची पत्रकं वाटत होते, प्रत्येक दारी. अनोळखी माणसाला पैसे देऊ नका, असं त्यावर चित्रासकट होतं. त्या पोलीस मुलीने फार गोड आवाजात विचारलं की एवढ्यात तुमच्या दारावर कुणी पैसे मागायला आलं होतं का.

मी नाही म्हणाले. आमच्या दारावर कुणीच आलं नव्हतं, हे शंभर टक्के खरं होतं. गेलो आम्ही होतो. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती आणि तिने तोंड उघडू नये म्हणून मी मनातल्या मनात सगळे देव गोळा केले. पोलीस पुढच्या दाराकडे गेले. मी दार लावलं आणि तिथेच टिपं गाळायला लागले.

“आई, डोंट क्राय लाह,” मुलगी म्हणाली. “दे ऑल्सो गिव्ह नेक्स्ट डोअर.”

नवरा आल्यावर मी त्याला एकच सांगितलं: आज सगळ्यांचे पैसे परत करायचे. त्याने बरीच कारणं दिली. मंगळवार उद्यावर आलाय, डब्यातले पैसे पाठवले की संपलं, लोकांनी आपणहून दिलेत, आणि म्हातारीला काय तोंड दाखवायचं. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही इतके कधी भांडलो नव्हतो, आणि तेही दबक्या आवाजात, कारण भिंती पातळ. तो म्हणाला की तू प्रत्येक गोष्टीला घाबरतेस. मी म्हणाले की हो, घाबरते, आणि माझ्या घाबरण्यावर हे घर चाललंय. मग मी त्याला सांगितलं की तिला फोन तूच कर.

तिथे सकाळ होती. ती स्वयंपाकघरात चहाचा मग धरून बसली होती, डोळे सुजलेले. नवऱ्याने अडखळत सगळं सांगितलं, पावतीपुस्तक, परवाना, पोलीस, पास. शेवटी म्हणाला की एवढी रक्कम आम्ही पाठवू शकणार नाही. मला वाटलं ती आता रडेल. तिने चहाचा मग खाली ठेवला.

“मग परत करा,” ती म्हणाली. “दुसऱ्यांच्या पैशांशी खेळणारा एक माणूस आम्हाला पुरे झालाय.”

तिने मला कॅमेऱ्यासमोर बोलावलं आणि विचारलं, पासचं उत्तर कधी येणार? मी म्हणाले माहीत नाही. भीती वाटते का, तिने विचारलं. मी हो म्हणाले, आणि मला रडू फुटलं. तिने मला थांबवलं नाही. स्वतःच्या बाहीने डोळे पुसत ती म्हणाली की तिलाही वाटतेय, उद्याच्या दुपारची.

संध्याकाळी आम्ही तिघं पुन्हा ब्लॉक उतरलो. पैसे मागणं सोपं असतं, परत करणं महाकठीण. पावत्यांच्या स्थळप्रती बघून नवरा दार वाजवायचा, मी पाकीट पुढे करायचे, आणि समोरचा माणूस आधी गोंधळायचा, मग त्याला संशय यायचा. काहींना वाटलं पाकिटात बॉम्बगोळा आहे. मलाय काकूंना वाटलं त्यांनी दिलेले कमी पडले म्हणून आम्ही रागावलो. त्या आत गेल्या आणि आणखी घेऊन आल्या. त्यांना समजावताना नवऱ्याला घाम फुटला. मी मात्र प्रत्येक मजल्यावर फक्त सातव्याचा विचार करत होते.

सातव्या मजल्यावरचा दरवाजा उघडाच होता, जाळी लावलेली. आत हाफ पँट घातलेला म्हातारा चिनी माणूस पंख्यासमोर बसला होता. त्याच्यामागे टीव्हीच्या कपाटावर आमचा कागद टेकवून ठेवलेला. कुणी काही बोलायच्या आत मीच घाईघाईने माफी मागायला लागले, आम्हाला नियम माहीत नव्हते, पैसे परत करतोय, कागद पुन्हा लावणार नाही, माझ्या नवऱ्याचा पास...

“देअर कॅनॉट पेस्ट,” तो मध्येच म्हणाला. “टाउन काउन्सिल सी, फाइन यू. सो आय टेक डाउन.”

मला समजायला थोडा वेळ लागला. आम्हाला दंड होऊ नये म्हणून त्याने कागद काढला होता. आणि फोटो? फोटो त्याने कॉफीशॉपमधल्या दोस्तांना दाखवायला काढला होता. तो इथल्याच लीगमधल्या एका क्लबच्या सामन्यांना तरुणपणापासून जायचा. मग क्लबकडे पैसे संपले, एक वर्ष तो खेळणार नाही असं जाहीर झालं, पुढच्या वर्षीही नाही, आणि मग कुणी जाहीरही केलं नाही. हे सांगताना तो माझ्या नवऱ्याकडे नाही, पंख्याकडे बघत होता. त्याने विचारलं की तुमच्या त्या क्लबचे लोक खरंच घरोघर जाऊन पैसे जमवताहेत का. नवरा हो म्हणाला. “अवर्स, नोबडी ऑल्सो कलेक्ट,” तो म्हणाला.

शनिवारी दिलेल्या पैशांचं पाकीट तो घेईना. मी हट्टाने त्याच्या हातात कोंबलं, कारण एकही डॉलर आमच्या घरात राहिला असता तर मला झोप लागली नसती. मग त्याने फोन नवऱ्यापुढे धरला आणि हिस्सा कुठून घ्यायचा ते दाखव म्हणाला. स्वतःचे पैसे, स्वतःच्या फोनवरून, स्वतःसाठी. जाळीच्या आत-बाहेर उभं राहून ते दोघं बराच वेळ इंग्लंडचा पिनकोड मागणाऱ्या एका पानाशी झगडत होते. माझी भीती तेव्हाही गेली नव्हती. दर वेळी लिफ्ट वाजली की मी वळून बघत होते.

मंगळवारी मी घरभर फिरत नुसती मोजदाद करत होते: काय विकायचं, काय न्यायचं, कुकर कुणाला द्यायचा. पुन्हा तोच कुकर. दुपारी उशिरा नवऱ्याचा फोन आला आणि पहिली दोन मिनिटं त्याला बोलताच येईना, त्यामुळे मी नकार धरून चालले. पास मंजूर झाला होता. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी कधी काही विचारलं नाही. मी भिंतीवरचा मफलर हातात घेऊन उभी होते, हे मला मुलीने नंतर सांगितलं.

रात्रीच्या जेवणाच्या वेळेला म्हातारीचा कॉल आला. तिथे भर दुपार. ती मैदानाच्या बंद फाटकाबाहेर होती, बारीक पाऊस, मागे शे-दोनशे माणसं छत्र्या न उघडता उभी. मुदत संपली होती आणि लीगचं उत्तर कुठल्याही क्षणी यायचं होतं. तिच्या हातातला फोन सारखा कलत होता, आम्हाला कधी आभाळ दिसायचं, कधी तिची हनुवटी. माझं काम झालेलं होतं, माझी चिंता मिटलेली होती. तरी मी ताट बाजूला सारलं. मुलगी उठून माझ्या मांडीवर येऊन बसली, जे ती आता करत नाही.

मग मागून एक आवाज उठला. तो ओरडा आनंदाचा की दुसरा कसला, हे काही क्षण कळलं नाही. तिचा फोन खाली पडला, आम्हाला ओला रस्ता आणि पुष्कळ बूट दिसले. नवरा स्क्रीनला हाका मारत राहिला. शेवटी कुणीतरी फोन उचलून तिच्या हातात दिला आणि तिचा चेहरा दिसला. लीगने पैसे मान्य केले होते. क्लब राहणार होता, हंगाम संपेपर्यंत. पुढच्या हंगामासाठी उन्हाळ्यात पुन्हा पैसे दाखवायचे आणि मैदान अजून त्या माणसाच्याच कंपनीकडे, ते सोडवायचं वेगळं. ती हे सगळं एका दमात बोलली आणि मग तिने मान वळवून फाटकाच्या गजांतून आत, उत्तरेकडच्या गोलकडे पाहिलं.

परत कॅमेऱ्याकडे वळल्यावर तिने आमचं विचारलं. पास आला का? मी हो म्हणाले. किती दिवसांचा?

“तीन वर्षांचा,” मी म्हणाले. मिळाला तर पास तीनच वर्षांचा मिळतो, आणि काल रात्रीपर्यंत मला ती तीन वर्षं इतकी कमी वाटत होती, की आलीच तर लगेच संपतील म्हणून मी आतापासूनच घाबरून बसले होते.

म्हातारीने डोळे मोठे केले. तिच्या टोपीवरून पाणी गळत होतं.

“तीन वर्षं?” ती म्हणाली. “अख्ख्या आयुष्यात आम्हाला कुणी एकदम तीन वर्षं दिली नाहीत, लव्ह.”